बारा चित्रांचा नेम

"मुलास फोटोग्राफीचा नाद लागला आहे; त्यास चांगला कॅमेरा घेऊन द्यावा काय, आणि द्यावा तर कोणता?" अशा आशयाचा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून वारंवार विचारण्यांत येतो. कोणी मुलाऐवजीं सुनेविषयीं विचारतात, तर कोणी सेवानिवृत्त झालेल्या वडिलांविषयीं. आम्ही एखाद्या यंत्राचें नांव आणि किंमत कळवावी अशी प्रश्नकर्त्यांची अपेक्षा असते. तथापि ह्या खेपेस आम्ही तसें न करितां मूळ प्रश्नाचाच थोडा विचार करणार आहों. कारण ज्या घरांत चार कर्तीं माणसें आहेत, त्या घरांत आज मोबाईलच्या रूपानें चार कॅमेरे अगोदरच नांदत आहेत. कॅमेरा नाहीं म्हणून अडलें आहे असें घर सहसा आढळत नाहीं. अडलें आहे तें निराळ्याच ठिकाणीं.

ह्याची प्रचीति बहुधा दुःखाच्या प्रसंगीं येते. घरांतील वडील माणूस जातें, आणि हार घालण्यासाठीं एक बरासा फोटो हवा असतो. शोधाशोध सुरू होते. चारही फोन उघडले जातात व हजारों चित्रें बाहेर पडतात : ताटांतल्या पदार्थांचीं, सहलींतल्या सूर्यास्तांचीं, एकाच मुलाच्या एकाच हास्याचीं वीस वीस. पण आजीचा स्वच्छ, निवांत चेहरा कांहीं केल्या सांपडत नाहीं. शेवटीं कोणाच्या तरी लग्नांतल्या समूहचित्रांतून तेवढाच चेहरा कापून मोठा करण्यांत येतो. आणि ज्या माउलीनें घराच्या तीन पिढ्या वाढविल्या, ती पुसट होऊन, डोळे अर्धवट मिटलेल्या स्थितींत, कायमची भिंतीवर लागते.

येथें चित्रांची वाण नव्हती. वाण होती ती पाहण्याची. हजार वेळां बटण दाबलें गेलें, पण एकदांही कोणी आजीकडे पाहून, उजेड कोठून येतो तें ताडून, क्षणभर थांबून तें दाबलें नाहीं. फोटोग्राफींतील कल्पकता म्हणा किंवा कसब म्हणा, दोहोंचेंही बीज ह्या थांबून पाहण्यांत आहे असें आमचें मत आहे. यंत्र बाजारांत विकत मिळतें, हें पाहणें मिळत नाहीं. परंतु तें नियमानें व सवयीनें अंगीं आणतां येतें, आणि त्यासाठीं घराबाहेर जाण्याचेंही कारण नाहीं.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, कलेस उपजत प्रतिभा लागते आणि ती आपल्या घराण्यांत नाहीं. ह्या समजुतीस उत्तर म्हणून दोन उदाहरणें सांगण्याजोगीं आहेत. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ सालीं कलकत्त्यास जन्मली. इंग्लंडांत वाइट बेटावर राहत असतां १८६३ च्या डिसेंबरांत तिच्या मुलीनें व जांवयानें तिला एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळीं तिचें वय ४८ वर्षांचें होतें आणि मुलेंबाळें वाढवून झालेलीं होतीं. तिनें कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली, कोंबड्यांच्या खुराड्याचें कांचघर केलें, आणि नातलग, शेजारीपाजारी व घरांतल्या मोलकरणी ह्यांनाच समोर बसवून चित्रें काढावयास आरंभ केला. तिच्याकडील मेरी हिलियर नांवाची मोलकरीण तिच्या चित्रांत कितीदां तरी मेरी मातेच्या रूपानें दिसते. चित्रें धूसर येतात म्हणून त्या काळच्या जाणत्यांनीं तिला नांवें ठेविलीं. आज मात्र चेहऱ्याच्या चित्रणाचा इतिहास तिच्यावांचून लिहितां येत नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनहून चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन आले, तेव्हां त्यांनीं प्रथम कोणतेंही नाटक रचलें नाहीं. एका कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागीं पक्का केला, आणि रोप वाढत असतां ठराविक अंतरानें त्याचें एकेक चित्र टिपीत राहिले. ती पट्टी चालवून दाखविली तेव्हां पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बीज अंकुरलें आणि रोप वर चढलें. 'अंकुराची वाढ' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या चिमुकल्या पटानें भांडवल पुरविणाऱ्याची खात्री पटली, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. ह्या उद्योगांत फिल्मला भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामें त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ह्यांनीं शिकून घेतलीं होतीं, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

एकीनें घरचीं माणसें घेतलीं, दुसऱ्यानें वाटाण्याचें रोप. दोघांनींही विषय शोधीत रानोमाळ भटकण्याऐवजीं हाताशीं असलेल्या एकाच गोष्टीजवळ चिकाटीनें ठाण मांडलें. नवशिक्यानें गिरवावयाचा पहिला कित्ता हाच होय.

आतां प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळूं. पहिला धडा खिडकीचा. आज उपलब्ध असलेलें कॅमेऱ्याचें सर्वांत जुनें छायाचित्र नीएप्स नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकींतूनच घेतलें होतें; तेव्हां ह्या विद्येची सुरुवात खिडकीपासून करण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. घरांतील एक खिडकी निवडावी, तिच्याजवळ स्टूल मांडावें व त्यावर पितळेचा एक तांब्या ठेवावा. सकाळीं आठ वाजतां, भर दुपारीं, चार वाजतां आणि दिवेलागणीपूर्वीं अशीं त्या तांब्याचीं चार चित्रें, जागा न बदलतां, घ्यावीं. तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं कीं लक्षांत येतें, तांब्या एकच असला तरी चित्रें चार निराळ्या वस्तूंचीं आहेत. कॅमेरा वस्तु टिपीत नसून तिजवर पडलेला उजेड टिपतो, हें सत्य पुस्तकांत दहा वेळां वाचून जेवढें ठसणार नाहीं तेवढें ह्या चार चित्रांनीं ठसतें.

त्यानंतर तांब्याच्या जागीं माणूस बसवावें. त्याचें तोंड खिडकीकडे असेल तर चेहरा सर्व उजळतो, पण सपाट दिसतो. खिडकी एका बाजूस असेल तर अर्धा चेहरा उजेडांत व अर्धा सावलींत जाऊन नाकडोळे आणि कपाळावरच्या रेषा उठून दिसतात. वृद्धांच्या चेहऱ्यास हीच बैठक अधिक साजते. खिडकी पाठीमागें असेल तर मात्र चेहरा काळा पडतो, आणि आपल्याकडील घरगुती चित्रांपैकीं कितीतरी ह्याच एका दोषानें वायां जातात. सावलीची बाजू फारच गडद वाटली तर दुसऱ्या कोणी एक शुभ्र पंचा पसरून त्या बाजूनें दोन हातांवर धरावा; खिडकीचा उजेड त्यावरून परतून गालावर येतो. व्यवसायी लोक ह्याच कामासाठीं पांढरे पडदे बाळगतात. दिवसां चित्र घेतांना खोलींतील विजेचे दिवे मालवावेत. दोन रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर आले कीं कांति विचित्र दिसते. उत्तरेकडील खिडकींतून आपल्याकडे वर्षाचे बरेच दिवस थेट ऊन येत नाहीं, म्हणून चित्रकार व छायाचित्रकार तिला मान देतात. भर दुपारच्या उन्हांत डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. अशा वेळीं माणसास ओसरीच्या किंवा गॅलरीच्या सावलींत घ्यावें. आणि पावसाळ्याचे ढगाळ दिवस हे चेहऱ्यांच्या चित्रणासाठीं वर्षांतले उत्तम दिवस होत. ते 'उजेड नाहीं' म्हणून फुकट दवडूं नयेत.

दुसरा धडा चौकटीचा. आपले डोळे सोयीचें तेवढेंच पाहतात, कॅमेरा सर्व पाहतो. आपल्याला नातवाचें हंसूं दिसतें. कॅमेऱ्याला हंसूं, मागचें दिनदर्शिकेचें पान, विजेचीं बटणें आणि दोरीवरचे ओले कपडे हीं सारखींच दिसतात. म्हणून बटण दाबण्यापूर्वीं चौकटीच्या चारही कडांवरून एकदां नजर फिरविण्याची शिस्त लावून घ्यावी. डोक्यांतून खांब उगवला आहे काय? पाऊल घोट्यापाशीं तुटलें आहे काय? नको तें दिसलें तर वस्तु हलविण्यापेक्षां आपण दोन पावलें सरकणें पुष्कळदां सोपें असतें. उंचीचीही गोष्ट अशीच आहे. मुलाचें चित्र उभ्यानें वरून घेतलें तर डोकें मोठें व पाय चिमुकले दिसतात. तेथें मांडी घालून जमिनीवर बसावें. झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांचें चित्र घ्यावयाचें तर आपले डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीस आणावे. मोबाईलचें मुख्य भिंग विस्तृत दृश्य घेणारें असतें. तें तोंडाजवळ नेलें कीं नाक फुगतें व कान मागें पळतात. म्हणून चेहऱ्यासाठीं चार-पांच हात मागें यावें, आणि फोनला लांबचें दुसरें भिंग असल्यास तें वापरावें. एकाच भिंगाच्या फोनवर बोटांनीं चित्र ओढून मोठें करणें म्हणजे केवळ कडा कापणें होय. तें काम मागाहूनही करतां येतें. आणखी एक क्षुल्लक पण उपयुक्त सूचना : चित्र घेण्यापूर्वीं भिंग मऊ कापडानें पुसावें. स्वयंपाकघरांतून आलेल्या बोटाचा तेलकट ठसा भिंगावर असला तर अख्खें चित्र धुरकटतें, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

तिसरा धडा यंत्राचा. ह्याची धास्ती पुष्कळांना वाटते, पण तत्त्व अगदीं घरगुती आहे. नळाखालीं घागर भरावयाची आहे असें समजा. नळ किती उघडावा, किती वेळ उघडा ठेवावा आणि घागर केवढी घ्यावी, ह्या तीन गोष्टींवर काम अवलंबून असतें. कॅमेऱ्यांत नळाच्या जागीं भिंगामागचें छिद्र असतें, वेळेच्या जागीं शटर असतें, आणि तिसरी गोष्ट म्हणजे आय. एस. ओ. ह्या आकड्यानें दाखविलेली संवेदनक्षमता. तो आकडा वाढविणें म्हणजे लहान घागर घेणें. ती लवकर भरते, पण चित्रांत दाणे दिसूं लागतात. छिद्राच्या आकड्यांची रीत उलटी आहे : आकडा लहान तितकें छिद्र मोठें. छिद्र मोठें ठेविलें कीं चेहरा स्पष्ट व मागचें दृश्य धूसर होतें. लहान ठेविलें कीं जवळचें व दूरचें दोन्ही स्पष्ट येतें. बहुतेक मोबाईलमध्यें हें छिद्र बदलतां येत नाहीं, पण शटर व संवेदनक्षमता बदलण्याची सोय आतां पुष्कळ फोनमध्यें असते.

शटरचें मर्म कळण्यासाठीं एक प्रयोग मुलांकडून जरूर करवावा. एकानें अंगणांत तांब्यानें पाण्याची धार धरावी आणि दुसऱ्यानें तिचें चित्र प्रथम १/३० सेकंदांत व नंतर १/१००० सेकंदांत घ्यावें. पहिल्यांत रेशमाची लड दिसेल, दुसऱ्यांत सुटे मोती. एवढें पाहिल्यावर धांवत्या मुलासाठीं १/५०० सेकंद कां लागतो आणि स्वस्थ बसलेल्या माणसास १/६० सेकंद कसा पुरतो, हें निराळें शिकवावें लागत नाहीं. त्याहून अधिक वेळ लागत असेल तर आपला हातच कांपतो. तेव्हां कोपर भिंतीला किंवा टेबलाला टेकवावें. मोठा कॅमेरा वापरणाऱ्यांसाठीं जुन्या लोकांचा एक ठोकताळा आजही उपयोगी आहे. स्वच्छ उन्हांत छिद्राचा आकडा १६ ठेवावा आणि शटरचा काळ संवेदनक्षमतेच्या आकड्याचा व्यस्तांक घ्यावा. म्हणजे आकडा १०० असेल तर सुमारें १/१०० सेकंद. यंत्र स्वतः सर्व हिशेब करीत असतांही हे आकडे ओळखीचे असावेत, कारण यंत्राचा अंदाज चुकला कीं तो दुरुस्त करावयास माणूसच लागतो.

एवढें शिकल्यावर अभ्यासाचा नेम ठरवावा, आणि त्यासाठीं आमची सूचना जुन्या रिळांच्या हिशेबावरून घेतलेली आहे. आपल्यापैकीं प्रौढांस आग्फा क्लिक थ्री नांवाचा, ह्या देशांतच तयार होणारा साधा कॅमेरा आठवत असेल. त्यांत १२० क्रमांकाचें रीळ बसे आणि त्यावर बारा चौकोनी चित्रें येत. रिळाला पैसे पडत, धुण्याला पडत, छापण्याला पडत. म्हणून प्रत्येक चित्रापूर्वीं घरांतील वडीलधारे "थांब, अजून नाहीं" असें म्हणत. त्या 'थांब' मध्यें जें शिक्षण होतें तें आज फुकट मिळणाऱ्या चित्रांनीं नाहीसें केलें आहे. तें परत आणण्याचा उपाय सोपा आहे : आठवड्याला अभ्यासाचीं बाराच चित्रें घ्यावयाचीं. सणासमारंभांतलीं चित्रें ह्या हिशेबांत धरूं नयेत. हा नेम केवळ रियाजाचा. घेतलेलें चित्र रविवारपर्यंत पुसावयाचें नाहीं, मग तें कितीही बिघडलेलें असो. एक वही करावी व तींत चार गोष्टी लिहाव्या : वेळ कोणती, उजेड कोठून, काय दाखवावयाचें होतें आणि काय आलें. शेवटच्या दोन रकान्यांतील अंतर जसजसें कमी होईल तसतसें कसब वाढत आहे असें समजावें.

रविवारीं सायंकाळीं बारा चित्रें घरांतल्या मंडळींसमोर मांडावीं. एकत्र कुटुंबाचा हा मोठाच लाभ आहे कीं, पाहावयास दहा वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंतचे डोळे एकाच छपराखालीं मिळतात. मात्र येथें वडील मंडळींनीं एक पथ्य पाळावें. केवळ "छान आहे" म्हणून चित्र परत करूं नये, आणि "हें काय काढलेंस?" असें म्हणून मुलाचा हिरमोडही करूं नये. आपली नजर प्रथम कोठें गेली तेवढेंच सांगावें. घेणाऱ्यास आजीचे हात दाखवावयाचे होते आणि सर्वांची नजर मागच्या पिवळ्या बादलीवर गेली, तर त्यास काय समजावयाचें तें न सांगतां समजतें. शेवटीं घेणाऱ्यानें बारांतून एक चित्र निवडावें व तेंच कां, हें दोन वाक्यांत सांगावें. असें वर्षभर केल्यास ६२४ चित्रें घेतलीं जातात आणि ५२ निवडलीं जातात. आणि निवडीचा हा ५२ वेळांचा अभ्यास चित्रें घेण्याच्या अभ्यासाहून कमी मोलाचा नाहीं.

कोणी विचारील, ह्यांत कल्पकता कोठें आली? हा तर सर्व कवाइतीचा प्रकार झाला. आमचें म्हणणें असें कीं, गवयाला पलट्यांच्या घोटणीनंतरच गाण्यांत स्वतःचें कांहीं सुचूं लागतें, आणि येथेंही तोच क्रम आहे. कल्पना मोकळ्या मैदानापेक्षां कुंपणांत लवकर धांवूं लागते. 'काहींही काढ' म्हटलें तर मूल गोंधळतें. 'ह्या महिन्यांत फक्त हात' म्हटलें तर त्यास कणीक मळणारे, सुईंत दोरा ओवणारे, जपमाळ ओढणारे, सायकलची साखळी बसविणारे असे कितीतरी हात दिसूं लागतात. दुसऱ्या महिन्यास चेहरा न दाखवितां माणूस दाखवावयाचें : आजोबांचा चष्मा, उघडें पंचांग आणि अडकित्ता एवढ्यांतून आजोबा उभे राहतात कीं नाहीं, तें पाहावें. तिसऱ्या महिन्यास तीन चित्रांत एक गोष्ट सांगावयाची. उदाहरणार्थ, गुढीची तयारी, गुढीची पूजा आणि सायंकाळीं उतरलेली गुढी. चौथ्या महिन्यास एकाच झाडाजवळ रोज जावें. थोरांच्या चित्रांची नक्कल करून पाहण्यासही हरकत नाहीं. नक्कल म्हणून सांगितली कीं ती चोरी होत नाहीं, पाठ होतो.

थोरांचीं नांवें घ्यावयाचीं तर होमाई व्यारावाला ह्यांचें चरित्र मुलींना अवश्य सांगावें. १९१३ सालीं नवसारीस जन्मलेल्या ह्या पारशी बाईंनीं मुंबईस जे. जे. कलाशाळेंत शिक्षण घेतलें, आणि बरोबरच्या मुली व शहरांतलें साधें जीवन हेच त्यांचे आरंभींचे विषय होते. सुरुवातीचीं कांहीं चित्रें त्यांच्या पतीच्या नांवावर छापलीं गेलीं. १९४२ मध्यें त्या दिल्लीस गेल्या. स्वातंत्र्याच्या काळांतील कित्येक ऐतिहासिक प्रसंग आज आपण त्यांच्याच डोळ्यांनीं पाहतों. १९७० मध्यें त्यांनीं कॅमेरा खालीं ठेविला, २०११ मध्यें त्यांस पद्मविभूषण मिळालें आणि २०१२ मध्यें त्या निवर्तल्या. राष्ट्राचा इतिहास टिपणाऱ्या ह्या डोळ्यांची शाळा मैत्रिणींच्या घोळक्यांत भरली होती.

ह्यावरून आम्ही मुख्य गोष्टीकडे येतों. राजा दीनदयाळ ह्यांनीं १८९२ मध्यें हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठीं निराळा स्टुडिओ उघडला व तो एका इंग्रज बाईच्या हातीं दिला, कारण पडद्यांतील स्त्रियांचीं चित्रें तोंवर निघणें कठीण होतें. आज तसा पडदा आपल्या घरांत नाहीं. तरीही प्रत्येक गृहस्थानें गेल्या वर्षाच्या सणांचीं चित्रें काढून एकदां मोजदाद करावी : कोण किती वेळां दिसतें? आम्हांस वाटतें, बहुतेक घरांत दोन माणसें जवळजवळ अदृश्य आढळतील. एक चित्रें घेणारा, आणि दुसरी पंगतीस वाढणारी. गौरी नटलेल्या दिसतात, पाटावर बसलेले ब्राह्मण व सवाष्णी दिसतात, पुरणपोळीचें ताट तर सर्वांत ठळक दिसतें. पण तें पुरण पहांटेपासून शिजविणारी कोठेंच नसते. ती दिसते ती फक्त शालू नेसून, रांगेंत, कोपऱ्यांत. तिच्या नातवंडांस आपली आजी काम करतांना कशी दिसे, पदर कसा खोंची, हंसतांना तोंडावर हात कसा नेई, ह्याची उद्यां कल्पनाही येणार नाहीं. हजार चित्रांच्या घरांत हें व्हावें ही लहान हानि नव्हे.

म्हणून नेमाच्या बारा चित्रांपैकीं दोन तरी ह्या न दिसणाऱ्या माणसांचीं असावींत. ह्यास नाजुकपणा लागतो. "माझा कशाला ग मेला फोटो!" असें आजी म्हणेल. तें संकोचानें म्हणते कीं मनापासून, हें ओळखावें. मनापासून असेल तर कॅमेरा निमूटपणें खालीं ठेवावा. संकोच असेल तर खिडकीजवळ तिची बसण्याची जागा करून तिला तिच्या माहेरच्या गोष्टी विचाराव्या. पहिलीं चार-पांच चित्रें अवघडलेलीं येतील. तीं येऊं द्यावीं. गोष्टीच्या भरांत ती कॅमेरा विसरली कीं जो चेहरा येतो तोच तिचा. आजारपणांतलीं, स्नानाचीं, रडण्याचीं चित्रें घेऊं नयेत. आणि घरांतल्या माणसाचें, विशेषतः मुलाबाळांचें, कोणतेंही चित्र त्याच्या अथवा त्याच्या आईबापांच्या संमतीवांचून चार लोकांत पाठवूं नये. मुंजींत वा लग्नांत चित्रासाठीं गुरुजींस विधि पुनः करावयास सांगणें हेंही आम्हांस शोभणारें वाटत नाहीं. चुकलेला क्षण चुकूं द्यावा, पुढच्या क्षणासाठीं तयार राहावें. तेंही शिक्षणच आहे.

ज्या प्रश्नापासून आरंभ केला त्याचें उत्तर आतां देतां येतें. सहा महिने हा नेम पाळल्यावर वहीच सांगेल कीं कॅमेरा हवा कीं नको. 'उजेड कमी पडला' हा शेरा पुनः पुनः आला असेल तर मोठ्या छिद्राचें भिंग हवें आहे. 'पक्षी फार दूर' असा शेरा असेल तर लांबचें भिंग हवें. 'कंटाळा आला' असा असेल तर कांहींच नको, आणि मोठा खर्च वांचला. कारण समजून घेतलेलें यंत्र, मग तें जुनें वापरलेलें कां असेना, हातांत शोभतें.

शेवटची सूचना जपणुकीची. फोन बिघडतो, हरवतो, आणि त्याबरोबर पांच वर्षांचें घर नाहींसें होतें. चित्रांच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. शिवाय वर्षाच्या अखेरीस निवडलेल्या ५२ मधून बारा चित्रें कागदावर छापून घ्यावीं व प्रत्येकाच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें, दाब न देतां, नांवें, गांव व तारीख लिहावी. चिकट पानांवर प्लास्टिक ओढलेले आल्बम वापरूं नयेत; त्यांचा चिकटपणा कालांतरानें चित्रास खातो. ट्रंकेंतल्या जुन्या फोटोंचेंही हेंच करावें. त्यांतल्या काठी धरून उभ्या असलेल्या गृहस्थांचें नांव, शेजारच्या मुलीचें सासर, मागें दिसणारा वाडा कोणत्या पेठेंतला, हें घरांत आतां एखाद्याच माणसास ठाऊक असेल. सुट्टीच्या एका दुपारीं नातवंडांनीं पेन्सिल घेऊन त्या माणसाजवळ बसावें आणि एकेक चित्र पुढें ठेवून विचारीत जावें. सांगणारें माणूस जवळ आहे तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. तेव्हां दुपार लांबणीवर टाकूं नये.